कवितेची भाववृत्ती: निबंध लिहावा कसा आणि तपासावा कसा

कवितेच्या भाववृत्तीवर निबंध लिहायला सांगितला की बहुतेक विद्यार्थी कवितेचा सारांश लिहितात आणि शेवटी तिला एखादे विशेषण जोडून देतात: कविता प्रसन्न आहे, करुण आहे, हृदयस्पर्शी आहे. असा निबंध तपासायला घेतलेल्या शिक्षकापुढेही अडचण उभी राहते. विशेषण योग्य असेल तर गुण द्यावेत का, आणि द्यायचे तर नेमके कशाचे, हे ठरवता येत नाही, कारण त्या विशेषणापर्यंत विद्यार्थी कोणत्या वाटेने पोहोचला ते कागदावर कुठेच दिसत नाही. हा लेख असा निबंध प्रथमच लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि असे निबंध प्रथमच तपासणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. दोघांची कामे वेगळी असली तरी त्यांना एकच प्रश्न विचारायचा असतो: ही भावना कवितेतल्या कोणत्या शब्दांमुळे आणि कोणत्या क्रमाने निर्माण झाली? निबंध म्हणजे या प्रश्नाचे उत्तर, आणि गुण द्यायचे ते या उत्तराच्या सच्चेपणाला.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

कविता वाचत असताना आपल्याभोवती जे भावनिक वातावरण तयार होते, ज्याला बोलताना आपण सहज 'मूड' म्हणतो, ती तिची भाववृत्ती. कवितेत बोलणारा ज्या स्वरात बोलतो, म्हणजे उपरोधाने, आर्जवाने, रागाने किंवा तटस्थपणे, तो तिचा सूर. आणि कविता कशाबद्दल आहे तो तिचा विषय. या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात, पण त्या एक नसतात. मृत्यू हा विषय असलेली कविता शांत असू शकते, आणि सणाचे वर्णन करणारी कविता अस्वस्थ करू शकते. बोलणारा अगदी थंडपणे बोलत असताना वाचकाच्या अंगावर काटा येऊ शकतो. तिथे सूर तटस्थ असतो आणि भाववृत्ती भयाची. ज्या विद्यार्थ्याला हा फरक एकदा उमगतो, तो 'कविता पावसावर आहे म्हणून आनंदी आहे' असे वाक्य पुन्हा लिहीत नाही.

आपल्याकडे या प्रकारच्या विचाराला फार जुनी बैठक आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील रससूत्रानुसार विभाव (भावना जागवणारी कारणे), अनुभाव (ती बाहेर दिसण्याच्या खुणा) आणि व्यभिचारी भाव (येत-जात राहणाऱ्या पूरक भावना) यांच्या संयोगाने रस, म्हणजे आस्वाद घेता येणारी भावना, निष्पन्न होतो. ही चर्चा मुळात नाटकाची आहे आणि शालेय निबंधात तिचे अवडंबर माजवण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील एक गोष्ट नवख्या लेखकाने जरूर उचलावी. भावना नुसते तिचे नाव घेतल्याने उभी राहत नाही, ती उभी राहण्यासाठी कारणे मांडावी लागतात. स्थळ, वेळ, ऋतू, रंग, आवाज ही भावना चेतवणारी सामग्री म्हणजे उद्दीपन विभाव. भाववृत्तीवर निबंध लिहिणे म्हणजे ही सामग्री शोधून तिचे काम समजावून सांगणे होय.

कविता हातात घेताना

प्रत्यक्ष काम दाखवण्यासाठी एक कविता समोर असलेली बरी. बालकवींची (1890–1918) 'औदुंबर' ही अवघ्या आठ ओळींची कविता यासाठी मी निवडतो, कारण तिच्यात एकाही भावनेचे नाव घेतलेले नाही, तरीही तिचे वातावरण मनातून सहज जात नाही.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे
पायवाट पांढरी तयांतुनी अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनी चालली काळ्या डोहाकडे
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

पहिले वाचन मोठ्याने करावे आणि हातात पेन घेऊ नये. या वाचनाचा उद्देश अर्थ लावणे हा नसून कविता कुठे सरळ वाहते आणि कुठे आपला आवाज आपोआप खाली येतो हे ऐकणे एवढाच आहे. दुसरे वाचन मनात करावे आणि जिथे काहीतरी बदलल्यासारखे वाटले त्या ओळीसमोर फक्त एक रेघ ओढावी. कारण त्या वेळी सांगता आले नाही तरी हरकत नाही. तिसऱ्या वाचनात अनोळखी शब्दांचे अर्थ पाहावेत: 'ऐल' म्हणजे अलीकडचा, 'झाकळणे' म्हणजे झाकोळून जाणे, अंधारणे. अर्थ तिसऱ्या वाचनात पाहण्याला कारण आहे. शब्दकोश आधी उघडला की विद्यार्थी कवितेचा गद्य अनुवाद करू लागतो, आणि जे ऐकू यायला हवे होते ते निसटते.

चौथ्या वाचनात मात्र पेन घ्यावे आणि कवितेतील सामग्रीची नोंद करावी. रंग कोणते आले? क्रियापदे कोणती? कोण हालते आहे, कोण स्थिर आहे? माणसे आहेत का? बोलणारा स्वतःला 'मी' म्हणतो का? ही नोंद कोरडी वाटते, पण निबंधाचा सगळा पुरावा इथूनच येतो, म्हणून ती टाळू नये.

भाववृत्तीला नाव देणे

इथे सर्वांत जास्त घाई होते. 'छान', 'सुंदर', 'भावपूर्ण' ही भाववृत्तीची नावे नव्हेत. ती वाचकाने दिलेली दाद आहे. 'दुःखी' आणि 'आनंदी' ही नावे आहेत, परंतु ती इतकी ढोबळ आहेत की त्यांच्या आधारे दोन कवितांत फरक करता येत नाही. मराठीत या बाबतीत शब्दांची श्रीमंती आहे आणि ती वापरायला शिकवणे हे शिक्षकाचे काम आहे. उदासी, खिन्नता, विषाद, हुरहूर, व्याकुळता, तगमग हे सारे दुःखाच्या परिवारातले शब्द आहेत, पण हुरहुरीत कशाची तरी वाट पाहणे असते, तगमगीत शरीराला जाणवणारी अस्वस्थता असते, आणि खिन्नतेत धडपड करण्याचे बळही संपलेले असते. तसेच प्रसन्नता, उल्हास, निवांतपणा आणि तृप्ती यांचे. नाट्यशास्त्राने 8 स्थायी, म्हणजे मनात टिकून राहणाऱ्या, भावांच्या जोडीला 33 व्यभिचारी भाव सांगितले. त्यात निर्वेद, ग्लानी, शंका, चिंता, स्मृती, विषाद, औत्सुक्य, हर्ष असे बारीक फरक जपलेले आहेत. वर्गात एक दिवस केवळ अशा शब्दांची यादी करून प्रत्येक शब्दासाठी एकेक प्रसंग सांगायला लावावा. हा वेळ वाया जात नाही. पुढे निबंधात त्याचा परिणाम दिसतो.

नाव देण्याची एक सोपी रीत म्हणजे दोन शब्दांची जोडी लावणे. 'शांत' हा एकटा शब्द 'औदुंबर'बद्दल फारसे सांगत नाही, पण 'शांत आणि किंचित गूढ' किंवा 'शांत, पण एकाकी' असे म्हटले की लगेच काहीतरी सिद्ध करावे लागते. 'गूढ' म्हणणाऱ्याला काळ्या डोहाकडे जावे लागेल, आणि 'एकाकी' म्हणणाऱ्याला कवितेत माणूस नाही हे दाखवावे लागेल. जोडीतला दुसरा शब्द विद्यार्थ्याला कवितेकडे परत पाठवतो, आणि तेच आपल्याला हवे असते.

पुरावा शोधणे आणि तो बोलका करणे

आता मघाच्या नोंदीकडे पाहू. 'औदुंबर'मध्ये हिरवा रंग तीन वेळा येतो: 'हिरवाळी', 'हिरवी गर्दी', 'हिरव्या कुरणामधुनी'. निळासावळा झरा आणि पांढरी पायवाट आहे. काळा रंग मात्र फक्त शेवटी येतो: 'काळ्या डोहाकडे' आणि 'काळिमा'. रंगांची अशी यादी अनेक विद्यार्थी करतात आणि तिथेच थांबतात. यादी हा पुरावा नसतो. सहावी ओळ नीट पाहिली तर लक्षात येते की ती 'हिरव्या' या शब्दाने सुरू होते आणि तिच्या उत्तरार्धात 'काळ्या' हा शब्द येतो. म्हणजे एका रंगातून दुसऱ्या रंगात जाण्याचा प्रवास एकाच ओळीत घडतो, आणि तो घडवून आणते पायवाट. हे लिहिले की रंग पुरावा ठरतो, कारण आता तो काय करतो ते आपण सांगितले.

क्रियापदांकडे वळू. झरा वाहतो, पायवाट पडते आणि पुढे चालली आहे, काळिमा पसरते. गावाच्या ओळीला तर क्रियापदच नाही. शेवटच्या ओळीत येते 'बसला'. संपूर्ण कविता पाणी आणि वाट यांच्या हालचालीवर चाललेली असते आणि औदुंबरापाशी ती थांबते. आणखी एक बारीक धागा आहे: पाचव्या ओळीत 'पायवाट' आहे आणि आठव्या ओळीत 'पाय टाकुनी' आहे. वाटेचे चालणे जिथे संपते तिथे कोणीतरी पाण्यात पाय सोडून बसलेले आहे. हा धागा कवीने मुद्दाम ओवला का, हे विचारण्याची गरज नाही. तो कवितेत आहे आणि वाचकाला लागणाऱ्या विसाव्यात त्याचा वाटा आहे, एवढे म्हणता आले तरी पुरे.

जे कवितेत नाही तेही पुरावा असते, आणि याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष सहसा जात नाही. चार घरांचे गाव आहे, शेतमळे आहेत, वापरातली पायवाट आहे, पण एकही माणूस दिसत नाही. 'गर्दी' हा शब्द आला आहे तो माणसांसाठी नव्हे, पिकांच्या हिरवाईसाठी. माणसाच्या सगळ्या खुणा असलेल्या प्रदेशात माणूस नसणे, आणि माणसासारखा पाय टाकून बसलेला असणे ते एक झाड, यातून जी अलिप्तता जाणवते ती कोणत्याही विशेषणाने सांगितलेली नाही.

नादाच्या बाबतीत सावध राहावे. 'झाकळुनी जळ गोड काळिमा' या शब्दांत 'ळ' तीनदा येतो आणि ओळ जड, संथ होते, असे एखादा विद्यार्थी लिहील. निरीक्षण बरोबर आहे, पण 'निळासावळा' या शब्दातही 'ळ' दोनदा आहे आणि तिथे जडपणाचा मागमूस नाही. ध्वनी एकटा काही सिद्ध करत नाही. शब्दाच्या अर्थाने जी दिशा दिली असेल तिला तो बळ देतो. म्हणून 'अमुक अक्षर मृदू, तमुक अक्षर कठोर' असा ठोकळा कोणत्याही कवितेवर बसवू नये. अर्थाबरोबर ध्वनी काय करतो हे त्या त्या ओळीपुरते सांगावे.

अलंकार आणि वृत्त यांचेही तसेच आहे. 'येथे चेतनगुणोक्ती अलंकार झाला आहे' हे वाक्य व्याकरणाच्या पेपरात पूर्ण उत्तर ठरेल; भाववृत्तीच्या निबंधात ते अर्धेच आहे. झाडाला माणसासारखे बसवल्यामुळे काय वाटते, ते पुढे आले पाहिजे.

भाववृत्ती कुठे बदलते

चांगली कविता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच भावनेवर क्वचितच थांबते, त्यामुळे हा बदल टिपणे हा निबंधाचा कणा मानावा. 'पण', 'तरी', 'आता', 'अचानक' असे शब्द, काळ बदललेली क्रियापदे, लांब ओळींमध्ये आलेली एखादी आखूड ओळ, प्रश्नचिन्ह, दृश्याकडून स्वतःकडे वळलेली नजर या बदलाच्या ठळक खुणा. 'औदुंबर'मध्ये यातली एकही ठळक खूण नाही, आणि म्हणूनच ती शिकण्यासाठी उत्तम आहे. नजर आधी विस्तारत जाते, दोन्ही तट, बेटे, टेकडी, मळे अशी. पायवाटेबरोबर ती अरुंद होते. आणि डोहापाशी एका झाडावर येऊन ठरते. मोकळेपणाकडून अंतर्मुखतेकडे हा प्रवास आहे.

बदल सांगताना फक्त 'आधी असे, नंतर तसे' इतके पुरत नाही. तो कोणत्या ओळीत घडतो हे बोट ठेवून सांगावे, आणि नंतरच्या भागाने आधीच्या भागाचा अर्थ पुन्हा कसा रंगवला हेही सांगावे. औदुंबरापर्यंत पोहोचल्यावर मागे वळून पाहिले तर ती सगळी हिरवाई जणू या झाडाने दुरून पाहिलेली असावी असे वाटू लागते. हे माझे वाचन आहे. दुसऱ्याचे वेगळे असू शकते.

विधान आणि परिच्छेद

एवढी तयारी झाल्यावर एकच वाक्य लिहावे, ज्यात भाववृत्तीचे नाव, ती निर्माण करणारी मुख्य साधने आणि तिच्यातला बदल या तिन्ही गोष्टी असतील. उदाहरणार्थ: 'औदुंबर या कवितेत मोकळ्या, हिरव्या प्रदेशापासून काळ्या डोहापर्यंत नेणाऱ्या रंगांच्या आणि हालचालींच्या क्रमामुळे प्रसन्नतेचे रूपांतर एका अलिप्त, अंतर्मुख शांततेत होते.' हे विधान पहिल्या परिच्छेदात यावे. पुढचा प्रत्येक परिच्छेद त्यातला एक भाग सिद्ध करतो. मधल्या परिच्छेदाची बांधणी साधी असते: एक मुद्दा, कवितेतील दोन-चार शब्दांचे अवतरण, ते शब्द काय करतात याचे स्पष्टीकरण आणि विधानाशी जोडणी. यातले स्पष्टीकरण अवतरणापेक्षा लांब असले पाहिजे. पूर्ण कडवे उतरवून खाली 'यावरून कवीची भावना दिसते' असे लिहिणाऱ्याने अवतरण दिले, पण काम वाचकावर सोडले.

शेवटचा परिच्छेद लहान ठेवावा. पहिल्या परिच्छेदातले विधान पुन्हा लिहिण्यापेक्षा एखादा उरलेला अवघड शब्द तिथे हाताळला तर निबंध शेवटपर्यंत जिवंत राहतो. या कवितेत तसा शब्द 'गोड' आहे.

तीन सापळे नेहमीचे आहेत. पहिला म्हणजे कवीचे चरित्र. बालकवींचा 1918 मध्ये, ऐन तारुण्यात रेल्वे अपघातात मृत्यू झाला, हे माहीत असलेला विद्यार्थी काळ्या डोहात कवीला लागलेली मृत्यूची चाहूल पाहतो. अपघाताची चाहूल कोणाला लागत नाही, आणि कवितेतल्या शब्दांऐवजी कवीच्या अंताला पुरावा केले की विश्लेषण थांबते. दुसरा सापळा ठरीव प्रतीकांचा: काळा म्हणजे दुःख, पांढरा म्हणजे पवित्रता, झाड म्हणजे आधार. तिसरा, 'वाचक मंत्रमुग्ध होतो' यासारखी वाक्ये, जी कोणत्याही कवितेखाली लिहिता येतात. लिहिलेले वाक्य दुसऱ्या कवितेलाही जसेच्या तसे लागू पडत असेल, तर ते खोडावे.

शिक्षकांसाठी: तपासणी विषय देण्याआधी सुरू होते

कवितेची निवड हा तपासणीचाच पहिला भाग आहे. पहिल्या निबंधासाठी आठ ते सोळा ओळींची, स्वयंपूर्ण आणि एक तरी बदल असलेली कविता द्यावी. अगदी नवख्या वर्गाला सरावासाठी जिच्यात भावनेचे नाव आलेले आहे अशी कविता आधी द्यावी. बालकवींच्याच 'पारवा'मध्ये खचलेली भिंत आणि पडकी धर्मशाळा आहे, आणि पारव्याचे गीतही 'खिन्न' असल्याचे कवीने सांगून टाकले आहे. तिथे विद्यार्थ्याला नाव शोधावे लागत नाही, फक्त कारणे शोधावी लागतात. 'औदुंबर'सारखी कविता त्यानंतर द्यावी. प्रश्नही नेमका हवा. 'कवितेतील भाववृत्ती स्पष्ट करा' यापेक्षा 'कवितेची भाववृत्ती कोणत्या शब्दयोजनेतून निर्माण होते आणि ती कुठे बदलते, ते साधार लिहा' या प्रश्नाला मिळणारी उत्तरे निश्चितच चांगली असतात.

गुणदानाचे निकष विषयाबरोबरच विद्यार्थ्यांच्या हातात द्यावेत. वीस गुणांच्या निबंधासाठी मी अशी विभागणी सुचवेन: भाववृत्तीचे नेमके विधान 4, पुरावा आणि त्याचे विश्लेषण 8, बदलाची दखल 3, मांडणी 3, भाषा व शुद्धलेखन 2. विश्लेषणाला सर्वाधिक गुण आहेत, कारण हा निबंध त्यासाठीच असतो. शुद्धलेखनाला दोनच गुण ठेवले म्हणून ते दुय्यम ठरत नाही, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसाठी विश्लेषणाचे गुण कापले गेले तर ज्याने कविता खरोखर वाचली त्याच्यावर अन्याय होतो.

विश्लेषणाचे 8 गुण कसे द्यावेत, हे तीन परिच्छेदांवरून पाहू. हे नमुने मी या लेखासाठी तयार केले आहेत.

'औदुंबर ही बालकवींची अतिशय सुंदर कविता आहे. झरा, गाव, शेते, पायवाट यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. शेवटी औदुंबराचे झाड येते. कवितेची भाववृत्ती शांत व गंभीर आहे.'

निष्कर्ष चुकीचा नाही, तरी या परिच्छेदाला 1 गुण पुरे. वस्तूंची नावे आली आहेत. त्यांनी काय केले ते आलेले नाही.

'कवितेत काळा डोह आणि काळिमा यांचा उल्लेख आहे. काळा रंग दुःखाचे प्रतीक असतो. त्यामुळे शेवटी कविता दुःखी होते.'

इथे 3 गुण द्यावेत. विद्यार्थ्याने नेमके शब्द पकडले, त्यांचे स्थान ओळखले आणि कारण देण्याचा प्रयत्न केला. कारण मात्र कवितेबाहेरून आणले, आणि काळिमेच्या मागेच उभा असलेला 'गोड' हा शब्द वगळला.

'पहिल्या पाच ओळींत नजर सतत पसरत जाते, म्हणून मोकळे वाटते. सहाव्या ओळीत हिरव्या कुरणातून निघालेली पायवाट काळ्या डोहाकडे जाते आणि पसरणे थांबते. यापुढे नवे ठिकाण येत नाही, फक्त पाणी आणि झाड उरते. तरी भीती वाटत नाही, कारण कवीने काळिमेला गोड म्हटले आहे. मला ही शांतता स्वतःत बुडालेल्या माणसाची वाटते.'

याला 7 गुण. भाषा साधी आहे, एकही पारिभाषिक शब्द नाही, पण प्रत्येक दावा कवितेवर टेकलेला आहे आणि विरोधी जाणारा शब्द टाळलेला नाही. तालेवार भाषेत लिहिलेल्या पोकळ परिच्छेदापेक्षा हा परिच्छेद वरचा ठरला पाहिजे, आणि तपासताना आपली नजर नेमकी इथेच फसते.

आपल्या वाचनाशी न जुळणाऱ्या निबंधाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. तुम्हाला औदुंबर विरक्त वाटतो आणि विद्यार्थ्याला तो दमून विसावलेला, सुखी वाटतो. अशा वेळी तीन गोष्टी तपासाव्यात. त्याने दिलेले शब्द कवितेत खरोखर आहेत का? त्या शब्दांतून त्याचा निष्कर्ष निघू शकतो का? आणि त्याच्या विरोधात जाणाऱ्या शब्दांची त्याने दखल घेतली का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर पूर्ण गुण द्यावेत, मग शिक्षकाचे मत काहीही असो. मात्र 'कवितेचा अर्थ ज्याचा त्याने लावावा' असे म्हणून पुरावा नसलेल्या वाचनालाही गुण देणे हे तितकेच चुकीचे आहे. विद्यार्थ्याने कविता भयानक आहे असे लिहिले आणि 'गोड' शब्दाकडे पाहिलेही नाही, तर त्याला ते दाखवून देणे हे आपले कर्तव्य आहे.

गठ्ठा तपासताना आधी पाच-सहा निबंध गुण न देता वाचावेत, म्हणजे वर्गाची पातळी कळते आणि पहिल्याच निबंधाला उगाच कडक किंवा सैल गुण पडत नाहीत. शक्य असेल तर नावे झाकून तपासावे. एका बैठकीत सगळे होत नसेल तर पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला आधी तपासलेला एक मध्यम निबंध पुन्हा वाचावा, कारण दमलेला परीक्षक आणि ताजातवाना परीक्षक सारखे गुण देत नाहीत. दोन शिक्षक मिळून तपासत असतील तर तेच तीन निबंध दोघांनी वेगवेगळे तपासून गुण ताडून पाहावेत. फरक दोन गुणांहून अधिक पडला तर निकषांची भाषा पुन्हा स्पष्ट करावी.

समासातले शेरे मोजके आणि प्रश्नरूप असावेत. 'अस्पष्ट', 'विस्तार हवा', 'छान' या शेऱ्यांवरून विद्यार्थ्याला पुढे काय करायचे ते कळत नाही. 'गोड या शब्दाचे काय?', 'हे कोणत्या ओळीवरून म्हणता?', 'बदल नेमका कुठे झाला?' असे विचारले की तो पुन्हा कविता उघडतो. एका निबंधावर असे दोन किंवा तीन प्रश्न पुरेत. अखेरीस एका वाक्यात जे जमले आहे ते नेमके सांगावे, कारण आपण काय बरोबर केले हे नवख्या लेखकाला बहुधा माहीत नसते.

निबंध परत दिल्यावर सर्वांकडून एकच परिच्छेद पुन्हा लिहून घ्यावा, ज्याच्यासमोर प्रश्न विचारला गेला आहे तो. पूर्ण निबंध पुन्हा लिहायला लावला तर विद्यार्थी जुनाच मजकूर नीटनेटक्या अक्षरात उतरवून आणतात. नवा परिच्छेद तपासताना फक्त विश्लेषणाच्या निकषाकडे पाहावे आणि सुधारणा दिसली तर त्या 8 गुणांतले राहिलेले गुण वाढवून द्यावेत. हे वाढीव गुण मिळू शकतात, हे विषय देतानाच सांगून ठेवावे.